याद्या, रुसवे आणि सीमांतपूजन: लग्नघराची पहिली कादंबरी लिहिताना

आपल्याकडे लग्न ठरलं की शेजारी पहिल्यांदा विचारतात, "याद्या झाल्या काय?" दोन्हीकडची जाणती माणसं चटईवर बसतात, एकजण वहीचा कागद फाडतो आणि हळद कुणाकडे, कार्यालयाचं भाडं कुणाचं, मानाच्या साड्या किती, बस कुणी ठरवायची हे सगळं त्यावर उतरतं. खाली सह्या. मी बेळगावात असे दोन-तीन कागद लांबून वाचले आहेत. प्रत्येकात एखादी ओळ खोडलेली असते. तुम्हाला लिहायची कादंबरी त्या खोडलेल्या ओळीत आहे.

हा लेख पहिल्यांदाच प्रेमकादंबरी लिहायला बसलेल्यांसाठी आहे, आणि तीही एका ठरावीक जातीची: घरगुती, उबदार, सुखान्त. दोघांना लग्न करायचंय, घरचे लोक मध्ये पाय घालतात, शेवटी अक्षता पडतात. खून नाही, दुर्धर आजार नाही. अक्षता पडणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. तो पुढे वाचतो ते आत्या कशी वळणार हे बघायला. मी अशी एक लिहून पूर्ण केली आणि एक निम्म्यात सोडली. शिकलो ते सोडलेलीकडून.

१. आधी दोघं, मग मांडव

नवखा लेखक पहिल्या प्रकरणात साखरपुडा उरकतो आणि पन्नास पाहुण्यांची ओळख करून देतो. माझंही तेच झालं होतं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत नायक-नायिका एकमेकांशी चार वाक्यंही बोलले नव्हते. मग त्यांचं लग्न मोडलं काय आणि झालं काय, कुणाला पडलंय?

म्हणून पहिली तीस पानं त्या दोघांना द्या. आणि त्यांना नुसतं बोलायला बसवू नका, काहीतरी करायला लावा. आपल्या भागात याची सोय फार चांगली आहे. मांडे करणं घ्या. पुरणपोळीपेक्षा कितीतरी पातळ लाटलेला मांडा उलट्या घातलेल्या मडक्यावर किंवा कढईवर टाकतात आणि तो गरम आहे तोवरच त्याची घडी घालावी लागते. एक क्षण उशीर झाला की कडक होतो आणि घडीचा चुरा. आता नायिका घडी घालतेय आणि नायक तिच्या हातात मांडा द्यायला चुकतोय, असा प्रसंग लिहून बघा. 'त्यांची नजरानजर झाली' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही.

पुढच्या उदाहरणांसाठी एक जोडी धरू. मधुरा बेळगावातल्या शहापूरची, घरी मराठी. गुरुराज गोकाकचा, घरी कन्नड, नोकरी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत. दोघंही देशस्थ. एकाच जातीत घरची भाषा मात्र वेगळी, अशी घरं इथे वाटेल तेवढी सापडतात. देशस्थांत कुलकर्णी-देशपांडे अशा आडनावांवरून घरात कुठली भाषा बोलतात ते सांगता यायचं नाही. निपाणीकडचे मराठी बोलणारे लिंगायतही तसेच. पहिल्या कादंबरीला हा जोड सोयीचा पडतो, कारण तंटा खरा असतो पण माणसं एकमेकांच्या पंगतीला बसू शकतात.

आंतरजातीय जोडी घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण मग जेवणातल्या गोडाच्या पदार्थावरून भांडण रंगवून जात टाळू नका. वाचक मूर्ख नाही. तिथे कायद्याचा एक उपयोग होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे विवाह अधिकाऱ्याला नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि ती नोटीस कचेरीत लावली जाते. म्हणजे कुणीतरी ती वाचणार. कादंबरीला आयतं घड्याळ मिळालं.

२. अडवणारी माणसं चारच

खऱ्या लग्नात चाळीस असतात. कादंबरीत चार पुरे, आणि चौघांचं अडवणं चार तऱ्हांचं हवं. एक उघड ओरडणारा, एक गप्प राहून घर गोठवणारा, एक गोड बोलून फाटे फोडणारा आणि एक मदत करायला जाऊन सत्यानाश करणारा. शेवटचा सगळ्यात लाडका होतो. आमच्या गल्लीत तो बहुतेक मामा असतो.

आता या लेखातलं खरं काम. एक कागद घ्या, याद्यांच्या कागदासारख्या उभ्या रेघा मारा. प्रत्येक माणसासमोर तीन गोष्टी लिहा: तो तोंडानं काय मागतो, त्याला खरं काय हवंय, आणि ते त्याला कधी नाकारलं गेलं. तिसरा रकाना भरल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.

मधुराची आत्या म्हणते, मानाची साडी शहापुरीच पाहिजे, दुकानातली चकचकीत नको. सगळे म्हणतात, म्हातारी हट्टी. पण तिला चंदगडला दिलेली आहे. तिच्या लग्नात तिच्याच घरच्यांनी घाईगर्दीत कसलीतरी साडी हातावर ठेवली होती आणि सासरी ती साडी तीस वर्षं बोलून दाखवली गेली. तिला साडी नकोच आहे. भावाने एकदा म्हणावं की तेव्हा आम्ही चुकलो. ते वाक्य भावाच्या तोंडून यायला कादंबरीची दोनशे पानं लागतात, आणि आलं की वाचक रडतो.

बघा, इथे शहापूर आणि चंदगड ही नावं नुसती सजावट म्हणून आलेली नाहीत. शहापुरात विणकरांची जुनी वस्ती आहे आणि तिथली साडी म्हणजे माहेरची खूण. चंदगड तालुका तर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला. म्हणजे आत्याच्या सासूला लग्नात शेजारच्या तालुक्यात दिली आणि नंतर न हलता ती दुसऱ्या राज्यात गेली! असली एक गोष्ट हाताशी असली की पात्राला वेगळी पार्श्वभूमी द्यावी लागत नाही.

दुसरं पात्र आजोबा. ते म्हणतात, पत्रिकेवर मराठी वर आणि कन्नड खाली, नाहीतर मी मांडवात येणार नाही. इथे आधी वयाचा हिशेब करा. १९५६ साली दहा वर्षांचा मुलगा २०२६ मध्ये ऐंशीचा. त्याला मोर्चे आठवतील, पण तो त्यांत बापाचा हात धरून गेलेला असेल. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात अठरा वर्षांचा असलेला आज अठ्ठावन्नचा, म्हणजे तो नायिकेचा बाप. दोघांच्या आठवणी वेगळ्या, राग वेगळा. एका हस्तलिखितात मी साठीच्या गृहस्थाला १९५६ च्या सत्याग्रहात तुरुंगात पाठवलेलं पाहिलं. जन्माआधी दहा वर्षं!

आणि एक सांगतो, पटलं तर घ्या. सीमाप्रश्न कादंबरीत आणायचाच, पण कुणाच्या भाषणातून आणू नका. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तुमच्या मांडवात सुटायचा नाही. आजोबांना आत कुठेतरी एवढंच कळायला हवंय की नात गोकाकला गेल्यावर फोनवर आपल्याशी मराठीत बोलेल. हे गुरुराजच्या आईला कळलं आणि तिने मोडक्या मराठीत त्यांना स्वतः फोन लावला, की पत्रिकेचा तिढा सुटला. कुठली भाषा वर छापली ते वाचकाला नंतर विचारा, त्याला आठवणार नाही.

तिसरी वरमाय, चौथा मामा. ते तुम्ही भरा. फक्त कुणालाही निव्वळ दुष्ट करू नका. दुष्ट माणूस शेवटी हरवावा लागतो, आणि या कादंबरीत शेवटच्या पंगतीला सगळे बसलेले असायला हवेत.

३. गाव खरं ठेवा

'एका छोट्या शहरात' असं लिहिलंत की निम्मी मजा गेली. बेळगावचा वाचक पहिला, दुसरा की तिसरा रेल्वे गेट हे विचारल्याशिवाय टिळकवाडीत शिरत नाही. नायक उद्यमबागेतून गाडीवर शहापूरला येतोय आणि गेट पडलंय, मालगाडी संपेना, तिकडे सुपारी फोडायची वेळ झाली. एवढ्यावर एक प्रकरण निघतं.

खाण्याच्या बाबतीत मी पक्षपाती आहे. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचं करदंट एका ताटात मांडून दोन घरांना समोरासमोर बसवा. कुंदा म्हणजे दूध आटवून, साखर घालून, तांबूस होईपर्यंत परतलेला रवाळ प्रकार. करदंट म्हणजे तळलेला डिंक, सुका मेवा आणि गूळ. 'करिद अंटु' म्हणजे तळलेला डिंक, नावच तिथून आलं. आता पहिल्या भेटीला गुरुराजची आई करदंट घेऊन येते आणि मामा, ज्याच्या दाताचं काम कालच झालंय, तो भिडेखातर मोठा तुकडा तोंडात टाकतो. लिहा पुढं. पंगतीला हुग्गी ठेवा. गव्हाची खीर म्हणून लिहिलंत तर चालेल, पण इथल्या माणसाला हुग्गी म्हटलं की वास येतो.

रस्ताही वापरा. आत्या चंदगडहून येणार म्हणजे शिनोळी ओलांडली की बाची, आणि ती कर्नाटकात शिरली. कोल्हापूरकडची बस येणार म्हणजे कोगनोळी नाका. दोन राज्यांत वातावरण तापलं की एसटी सीमेवरच थांबते, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. वऱ्हाडाची निम्मी माणसं नाक्यावर बॅगा घेऊन उभी, आणि त्यांना आणायला गुरुराजचा तो सदा रुसलेला कन्नडिग काका स्वतःची गाडी काढतो. काकाचा रुसवा घालवायला याहून बरा प्रसंग मला तरी सुचलेला नाही.

४. पंचांग उघडून बसा

हलकीफुलकी कादंबरी म्हणून तिथी कशाही टाकू नका. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, तेव्हा घरचे मोठे लोक सहसा मुहूर्त काढत नाहीत. तुळशीचं लग्न झालं की खरी धांदल. १ नोव्हेंबरला लग्न ठेवायचा मोह नव्या लेखकांना हमखास होतो, कारण त्या दिवशी एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. पण बहुतेक वर्षी तोवर तुळशीचं लग्नच लागलेलं नसतं. त्या दिवशी याद्यांची बैठक ठेवा. दोन मिरवणुकांच्या मध्ये अडकलेला पाहुणा, शर्टावर काळी फीत लावलेले आजोबा आणि गळ्यात लाल-पिवळा पट्टा विसरून तसाच आत आलेला गुरुराजचा धाकटा भाऊ. दोघं एकमेकांकडे बघतात आणि मधुराची आई घाईघाईने पोहे आणते.

लग्न डिसेंबरात घ्या. त्या सुमारास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं (इमारत २०१२ पासून उभी आहे), आणि गावातली लॉजं भरून जातात. वऱ्हाडाला खोल्या नाहीत! मग पाहुणे शेजाऱ्यांच्या घरी वाटले जातात, आणि ज्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं अशी वरमाय आणि आत्या एका खोलीत झोपतात. हा प्रसंग मी माझ्या पुस्तकात वापरलाय, तुम्ही खुशाल उचला.

मुहूर्तावरूनही तंटा होतोच. हिच्याकडे भिंतीवर कालनिर्णय, त्यांच्याकडे मठाचं पंचांग. एकादशी कधीकधी स्मार्तांची आदल्या दिवशी आणि भागवतांची दुसऱ्या दिवशी येते. बैठकीचं जेवण नेमकं त्या दोन दिवसांत आलं तर निम्म्यांना उपास आणि निम्म्यांना पुरणपोळी.

५. कानाने लिहा

इथली मराठी पुण्याच्या पुस्तकात घालायला गेलं की दोन अपघात होतात. एक तर सगळी पात्रं वर्तमानपत्रासारखी बोलतात, नाहीतर सगळीच विनोदी पात्रासारखी. आपल्या बोलीचा खरा लहेजा छोट्या गोष्टींत आहे. "मी त्याला सांगितलो", "मी काम केलो" हे प्रमाण व्याकरणात चूक, पण कन्नडच्या शेजारामुळे अंगवळणी पडलेलं. "येतो म्हणून सांगितलो की" यातलं 'म्हणून' आणि 'की' जागेवर असले की दुसरं काही करावं लागत नाही. मी स्वतः ही रूपं दोन-तीन पात्रांनाच देतो. मधुरा ऑफिसात एक बोलते, आजीशी दुसरं.

"आत्या, पत्रिका आणलीय."

"ठेव की तिथं."

"नाव तरी बघा."

"बघायचं काय त्यात. घातलाय म्हणजे घातलाय."

चार ओळींत आत्या रुसलीय हे कळलं. 'आत्या रागाने म्हणाली' असं लिहू नका.

कन्नड वाक्यं देवनागरीतच घाला, आणि पुढे अर्थ देऊ नका. गुरुराजच्या आईने दारातच "बर्री, कुंदर्री" म्हटलं आणि आजोबा चपला काढून सतरंजीवर टेकले, एवढ्यात कोल्हापूरच्या वाचकालाही कळतं. "ऊट आतेन्री?" ला आजोबांनी "झालं झालं" म्हटलं तर आणखी एक गोष्ट कळते: म्हाताऱ्याला कन्नड चांगलं समजतं. ते त्यांनी ऐंशी वर्षं लपवून ठेवलंय. मुलांच्या सासरकडच्यांना आपण व्याही म्हणतो, ते बीगर म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मामाला 'बी-घर' म्हणजे बियाण्यांचं दुकान वाटलं तर वाटू द्या.

गाण्यांबद्दल एक व्यवहाराची सूचना. हळदीच्या प्रसंगात सिनेमागीताच्या ओळी छापू नका. गीतकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क असतो. आजीच्या जात्यावरच्या परंपरागत ओव्यांना ती अडचण नाही, आणि त्या जास्त चांगल्या असतात.

६. मधली शंभर पानं

इथेच माझी दुसरी कादंबरी बुडाली. एक अडचण आली, सुटली, दुसरी आली, सुटली. मालिकेसारखं. उपाय असा की एक तिढा सोडवताना दुसरा घट्ट व्हावा. आत्यासाठी शहापुरी साडी घेतली. म्हणून वरमायेला वाटलं आपल्याला कमी प्रतीची दिली. म्हणून तिने रुखवताबद्दल टोमणा मारला. तो मधुराच्या आईच्या कानावर मामाने, चांगल्या हेतूने, घातला.

आणि मध्यावर दोघांचं स्वतःचं भांडण हवंच, नाहीतर ते नुसते बळी राहतात. मधुराला वाटतं गुरुराज आईपुढे गप्प बसतो. गुरुराजला वाटतं ती त्याच्या घरच्यांवर घरी जाऊन विनोद करते. दोघांचंही खरं आहे. हे भांडण कुणी मोठ्याने मिटवू नये. मी ते कपिलेश्वराच्या तळ्याकाठी मिटवलं, पण तुम्ही तिथे जाऊ नका, गर्दी झालीय.

७. शेवट: सीमांतपूजन

वर गावाच्या शिवेवर आला की वधूपक्षाने तिथे जाऊन त्याची पूजा करायची, पाय धुवायचे, मग गावात आणायचं, हा विधी जुनाच. आता तो कार्यालयाच्या दारात पंधरा मिनिटांत उरकतात. पण ज्या भागात शीव या शब्दावर सत्तर वर्षं भांडण चाललंय, तिथल्या कादंबरीत हा प्रसंग उरकून चालणार नाही. पाय धुवायचा तांब्या कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला मला तीन आठवडे लागले. बापाच्या हातात असतो, तसाच होता. मग मी बापाचा हात दुखावला आणि तांब्या आजोबांकडे दिला. जमतंय का बघा. भाषण नको, अश्रू नकोत, आजोबा फक्त पाणी कोमट आहे का हे बोट घालून बघतात.

त्यानंतर फार लांबवू नका. मंगलाष्टका कुणाच्या बेसूर आवाजात, कानपिळीला मधुराचा भाऊ जरा जास्तच जोर लावतो, व्याहीभेट, पंगत, बस.

८. रोजचं काम

पहिल्या पुस्तकाला ४५,००० शब्द पुष्कळ झाले. रोज ६०० धरले तर ७५ दिवस. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटात लिहिलेलं पुढे कुठेच उघडत नाही, माझी चाळीस पानं अशीच गेली. लिहून झालं की मोठ्याने वाचा, शक्यतो घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे. त्यांना जिथे डुलकी लागते तिथे पेन्सिलीने खूण.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी इथे गावकरी मराठी साहित्य संमेलनं भरवतात. कथाकथन ऐकून या, श्रोते कुठे हसतात ते बघा. १९४६ चं अखिल भारतीय संमेलन बेळगावात झालं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे तिथे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ऐकून घ्या, आजोबांच्या पात्राला उपयोगी पडतं.

स्वतः छापायचं असेल तर आयएसबीएन क्रमांक भारतात फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. माझ्याकडून एकाने घेतले होते. आणि छापायच्या आधी पात्रांची नावं एकदा तपासा. माझ्या पुस्तकातल्या रुसणाऱ्या आत्याचं नाव मी सहज म्हणून ठेवलं होतं. माझ्या सख्ख्या आत्याने पुस्तक वाचलं, चार दिवस फोन घेतला नाही, पाचव्या दिवशी विचारलं, "साडीचा रंग कुठला होता तेवढं लिहिलायस काय?" लिहिला नव्हता. दुसऱ्या आवृत्तीत घातलाय: जांभळा, काठ पिवळे.